बेसांव

2022च्या जुलैत गोव्यातल्या कुडतरीहून शेजाऱ्याचा फोन आला. रात्रीच्या पावसात घराचा मधला वासा मोडला होता, कौलं सालात पडली होती आणि ओरतोरात पाणी शिरलं होतं. साल म्हणजे दिवाणखाना, ओरतोर म्हणजे आमचा देव्हारा. मी सावंतवाडीहून पहिली गाडी धरली आणि दुपारी मडगावला उतरले. घर माझ्या आजीच्या माहेरचं. आजीला आम्ही शामाय म्हणायचो, गोव्यातल्या साष्टीच्या रिवाजाप्रमाणे. 1934 साली लग्न होऊन ती कुडतरी सोडून सावंतवाडीला आली, आणि मुलांनी मराठी शाळेची वाट धरली. मीही पस्तीस वर्षं मराठीच शिकवलं.

छप्पर नव्यानं घालायचं तर पंचायतीला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती हवी होती. नोटरीनं कागद पाहिले आणि मला शांतपणे समजावलं. गोव्यात वारसाहक्काला आजही 1867च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचाच पाया आहे. आईबापांना इच्छापत्रानं निम्म्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते. उरलेली निम्मी मुलामुलींची, सारख्या वाट्यानं. लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. शामाय लग्न होऊन घाटाच्या पायथ्याशी गेली म्हणून तिचा वाटा कुठं गेला नव्हता. पण तसाच तिच्या धाकट्या भावाचाही गेला नव्हता. थोरला भाऊ निपुत्रिक वारला होता. धाकटा आफ्रिकेत गेला होता, एवढंच आमच्या घरात माहीत होतं.

म्हणजे माहीत होतं त्याहून जास्त, पण ते माहितीत मोडत नव्हतं. शामाय त्याचं नाव निघालं की ताटावरून उठायची. एकच वाक्य तिच्या तोंडून अनेकदा ऐकलंय: "भाव गेलो, पूण म्हजें बेसांव घेवंक ना." बेसांव म्हणजे आशीर्वाद. गोव्यातले ख्रिस्ती लोक लांबच्या प्रवासाला निघताना मोठ्यांपुढे गुडघे टेकून बेसांव मागतात. भाऊ समुद्रापार गेला आणि बहिणीचा निरोपही घेतला नाही, हा सल तिनं 1994 साली मरेपर्यंत जपला. मी लहान असताना मला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा राग?

शोध कुडतरीच्या सांत आलेक्साच्या इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, सुरू झाला. तळ्याकाठची ही इगर्ज 1597ची. गोव्यात सरकारी जन्मनोंदणी 1914 पासून आहे, पण मला कुणीतरी जाणत्यानं सांगितलं होतं की आधी बाप्तिस्म्याचं पुस्तक बघ, आणि मजकुरापेक्षा समास बघ. या सल्ल्याबद्दल मी त्या माणसाची जन्मभर ऋणी राहीन. कॅथलिक चर्चमध्ये माणूस जगात कुठंही लग्न करो, तिथला पाद्री त्याची खबर बाप्तिस्मा झालेल्या इगर्जीला कळवतो आणि ती जुन्या नोंदीच्या कडेला लिहिली जाते. त्यामुळे गाव सोडून गेलेला माणूस गावच्या पुस्तकात परत येतो, निदान एकदा तरी.

पुस्तक पोर्तुगीजमध्ये, हातानं लिहिलेलं. मला पोर्तुगीज येत नव्हतं. दोन महिने मी फक्त अक्षर लावायला शिकले. फ्रान्सिस्कु हे नाव दोन अक्षरांत आटपलेलं असतं, मारिया एका अक्षरात आणि वर चढवलेल्या एका 'अ'त. पण साचा ठरलेला असतो, आणि एकदा साचा कळला की अनोळखी हस्ताक्षरही बोलू लागतं: अमुक दिवशी मी बाप्तिस्मा दिला, 'फिल्यो लेजितिमु', म्हणजे औरस पुत्र, अमुकाचा आणि अमुकीचा, मग 'नेतु', म्हणजे नातू, बापाकडून कुणाचा आणि आईकडून कुणाचा, शेवटी 'पाद्रिन्युश', म्हणजे धर्माचे आईबाप. एका नोंदीत तीन पिढ्या. मोडी शिकताना मला असाच आनंद झाला होता.

1931च्या पुस्तकात तो सापडला. समासात वेगळ्या शाईत एक ओळ होती: 1958, लोरेंसु मार्किश. म्हणजे मोझांबिकची तेव्हाची राजधानी, आजचं मापुतु. आणि बायकोचं नाव.

मी ते पान फोनमध्ये टिपून घेतलं. त्या नोंदीत आणखी काय आहे ते मात्र तेव्हा वाचलं नाही. लग्नाची ओळ मिळाली या घाईत मजकूर तसाच राहिला. ही घाई पुढं मला फार लागली.

बायकोच्या नावावरून माणसं शोधायला संगणक उपयोगी पडला नाही, म्हाताऱ्या बायका पडल्या. फेस्ताच्या दिवशी इगर्जीबाहेर बसून मी विचारत राहिले. राय गावच्या एका आजीनं त्या माहेरचं घर ओळखलं, तिनं मडगावच्या एका भाचीकडे पाठवलं आणि भाचीनं चहा देऊन एक नंबर दिला, पोर्तुगालचा. शामायच्या भावाची मुलगी, म्हणजे माझ्या आईची मामेबहीण. लिस्बनसमोर, नदीच्या पलीकडे अल्माद गावात राहते. भावाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. 2003.

मी पहिला निरोप इंग्रजीत लिहिला. घराची अवस्था, कायदा, संमतीची गरज, सगळं नीट, मुद्देसूद. आठवड्यानं उत्तर आलं: घराबद्दल काही असेल तर माझ्या वकिलाशी बोला.

मला राग आला नाही, लाज वाटली. साठाहून अधिक वर्षांनी रक्ताच्या माणसाला आपण पहिला शब्द लिहिला आणि तो छप्पर. समोरच्या बाईला मी कोण? हिस्सा मागायला आलेली कुणीतरी. तेव्हा मी दुसरं काही न लिहिता बाप्तिस्म्याच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: ही तुमच्या वडिलांची नोंद, तुमच्याकडे असावी.

तीन दिवसांनी आवाजी निरोप आला. पोर्तुगीजमध्ये बोलत होती आणि मध्येच थांबत होती. शेजारच्या शाळेतल्या एका जुन्या शिक्षिकेकडून मी तो समजून घेतला. तिनं नोंदीचा शेवट वाचला होता, जो मी वाचला नव्हता. मद्रिन्या, म्हणजे धर्माची आई, कोंकणीत मादीन: 'सुआ इर्मां'. त्याची स्वतःची बहीण. शामाय तेव्हा सोळा वर्षांची होती. पाळण्यातल्या भावाला तिनंच हातावर धरलं होतं.

तिया म्हणाली (मी तिला तेव्हापासून तिया म्हणते, म्हणजे मावशी), बाबा शेवटच्या आजारात कोंकणीत एकच वाक्य पुटपुटायचे. मला कोंकणी अर्धीमुर्धी येते. "वाट बंद आसली, मादीन." आम्हाला वाटायचं, मादीन ही त्यांची कुणी तरी दूरची, गावातली म्हातारी असेल. आम्ही कधी विचारलं नाही.

मी तो निरोप बंद केला आणि बराच वेळ मागच्या पडवीत बसून राहिले. पादीन-मादीन म्हणजे आमच्यात दुसरे आईबाप. त्यांचं बेसांव घेतल्याशिवाय ना लग्न होतं ना प्रवास. शामाय बहीण म्हणून रागावली नव्हती.

2024च्या जूनमध्ये मी गेले. व्हिसा, तिकीट, उतरण्याची सोय, हे सगळं जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानं जमवलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिस्बनच्या काइश दु सोद्रे धक्क्यावरून होडी दहाएक मिनिटांत पलीकडे नेते. तेजु नदी तिथं खाडीएवढी रुंद आहे. डावीउजवीकडे बघताना मला बेतीची फेरीबोट आठवत राहिली. धक्क्यावर तिया उभी होती. मी एकसष्टची, ती त्रेसष्टची. मी वाकले तशी ती हसली आणि मला उभं केलं. तिची हनुवटी शामायची होती.

पहिल्या संध्याकाळी आम्ही फार बोललो नाही. शब्द शोधत होतो. तिची कोंकणी वडिलांच्या ताटाभोवती शिकलेली, म्हणून तिला खाण्याचे शब्द येतात आणि रागावण्याचे. माझं पोर्तुगीज बाप्तिस्म्याच्या पुस्तकापुरतं. मग तिनं स्वयंपाकघरात नेलं. तिथं आम्हाला कुणाची गरज पडली नाही. बटाटा, कोबी, पाव, चावी, बादली, साबण, घमेलं. सगळे पोर्तुगीजमधून आलेले. मी मराठीत एक म्हणायची आणि ती टाळी द्यायची. तिनं शाकुती केली होती, खोबरं डब्यातलं, पण खसखस भाजून घातलेली. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या साध्या कॉफीच्या दुकानात तिनं मला काचेमागचे त्रिकोणी समोसे दाखवले. 'शमुसा' म्हणतात, लिस्बनच्या कुठल्याही कॅफेत मिळतात. आमच्यासारख्यांनी आणले, ती म्हणाली. मोझांबिकहून.

त्या 'आमच्यासारख्यां'ची गोष्ट मला बेलेंला कळली. मी तिथं जेरोनिमुश मठ बघायला म्हणून गेले होते, जिथं वास्को द गामाची समाधी आहे. तिया आत आली नाही. ती मला नदीकाठच्या दर्यावर्दींच्या दगडी स्मारकापाशी घेऊन गेली आणि म्हणाली, इथं आमच्या पेट्या होत्या. 1974च्या एप्रिलमध्ये लिस्बनला सैन्यानं हुकूमशाही उलथवली, 25 जून 1975 ला मोझांबिक स्वतंत्र झालं. अंगोला, मोझांबिकहून पाच लाखांच्या आसपास माणसं पोर्तुगालात आली. त्यांच्या लाकडी पेट्या या काठावर मैलभर रचलेल्या असायच्या, नावं खडूनं नाहीतर रंगानं लिहिलेली. 1976 साली पंधरा वर्षांची तिया रोज आईबरोबर येऊन आपलं नाव शोधायची. सहा पेट्यांपैकी दोन मिळाल्या. सरकारनं या लोकांना हॉटेलांत ठेवलं होतं. त्यांचं कुटुंब एका खोलीत, पाचजण, चौदा महिने.

या लोकांना 'रेतोर्नादुश' म्हणत, परत आलेले. "मी त्याआधी पोर्तुगाल पाहिला नव्हता," तिया म्हणाली. "बाबांनीही नाही. आम्ही कुठं परत आलो होतो?"

मी मराठी शाळेत वाढले. आमच्यासाठी पोर्तुगीज म्हणजे वसईचा किल्ला, चिमाजी अप्पा, 1739. आणि घरात पोर्तुगीज म्हणजे भावाला गिळलेला समुद्र. 'पोर्तुगालचे नातेवाईक' म्हटलं की गावात लोक भुवया उंचावतात, तिकडे सगळं सुखच असणार अशा थाटात. तिया तिथं उभी होती आणि पाण्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, शामायनं हे बघायला हवं होतं.

वाट बंद होती म्हणजे काय, ते तियानं तिसऱ्या रात्री सांगितलं. शामायचा भाऊ 1955च्या नोव्हेंबरात निघाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर भारतानं हद्द बंद केली. बोटीचं तिकीट हातात होतं, लोरेंसु मार्किशला कस्टम्समध्ये नोकरी ठरली होती, आणि मादीन हद्दीपलीकडे, सावंतवाडीला. तो कुडतरीहून मांडवी ओलांडून पेडण्यापर्यंत गेला. पत्रादेवीच्या अलीकडे त्याला शिपायांनी अडवलं. दोन दिवस तो पेडण्यात एका ओळखीच्या घरी राहिला, कुणी जाणारं मिळालं तर निरोप तरी पाठवावा म्हणून. मग बोटीचा दिवस आला.

पेडण्याहून सावंतवाडी किती? मी त्या रस्त्यानं हजारदा गेले आहे. बांदा आलं की घर आल्यासारखं वाटतं.

मी तियाला विचारलंच, न विचारता राहवेना. 1974च्या शेवटी भारत-पोर्तुगाल करार झाला, संबंध पुन्हा जुळले. शामाय त्यानंतर वीस वर्षं जिवंत होती. मग? तिया बराच वेळ गप्प होती. म्हणाली, 1976 साली आम्ही दोन पेट्या घेऊन उतरलो. बाबा पंचेचाळीस वर्षांचे, पुन्हा कारकून म्हणून पहिल्यापासून सुरुवात. रिकाम्या हातानं मादीनकडे कसं जायचं, असं ते म्हणायचे. नंतर हात भरले तेव्हा उशीर झालाय असं म्हणायचे. मला हे उत्तर पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही. एक पत्र लिहिता आलं असतं. पण मी ते तिला म्हटलं नाही. शामायनं तरी कुठं लिहिलं होतं?

तियाच्या कपाटात एका फायलीत तिच्या बाबांचा जुना दाखला होता, 'गांवकार' असल्याचा, वांगडाच्या, म्हणजे कुळाच्या, नोंदीसह. तिनं तो चौकटीत घालायचं ठरवलं होतं, कारण तिला वाटत होतं की ही पोर्तुगालच्या राजानं दिलेली एखादी पदवी असावी. मी तिला सांगितलं, तिया, हा शब्द आमचा आहे, गावकर. गोव्यातली गावकारी पोर्तुगीज येण्याआधीची. त्यांनी 1526 साली तिचे रिवाज फक्त लिहून काढले. गावची शेतं, बांध, देऊळ सगळं वांगडांनी मिळून सांभाळायचं, उत्पन्नातून खर्च वजा जाता उरेल ते जोण म्हणून वाटून घ्यायचं. तुमचे बाबा कुडतरीच्या मातीत आधीपासून होते, हे या कागदात लिहिलंय.

तिचा सतरा वर्षांचा नातू ऐकत होता. त्यानं इंग्रजीत विचारलं, "मग आपण पोर्तुगालच्या कुठल्या भागातले?" त्याचा बाप अलेन्तेजुचा, ती बाजू त्याला ठाऊक होती. त्याला आजीची बाजू हवी होती. मी म्हटलं, कुठल्याच नाही. साष्टी 1543 साली पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढच्या पिढ्यांत गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज ही नावं बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीची, नाहीतर पादीन झालेल्या पोर्तुगीज माणसाची. नाव मिळालं, रक्त नाही. त्याआधी आपण नायक, प्रभू, कामत असं काहीतरी असणार, तेवढं मागं मला अजून जाता आलेलं नाही.

तो गप्प झाला. मला वाटलं, मुलाचं काही हिरावून घेतलं की काय. मग त्यानं वही आणली आणि म्हणाला, गावाचं नाव तुमच्या लिपीत लिहून द्या. मी देवनागरीत लिहिलं, कुडतरी. त्यानं खाली चारदा गिरवलं. माझ्या पहिलीच्या मुलांसारखं, रेघ आधी ओढून.

24 जून अल्मादच्या सुट्टीचा दिवस. सांजांवाचा, म्हणजे संत जॉनच्या सणाचा. गल्लीगल्लीत कोळशावर तारली भाजत होते. कुडतरीला त्याच दिवशी पोरं डोक्यावर वेलींचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. तिया म्हणाली, बाबा दर 24 जूनला सकाळी अंगावर बादलीभर गार पाणी ओतून घ्यायचे. आफ्रिकेत तेव्हा हिवाळा असायचा, आई ओरडायची. का ओततात ते ते कधी सांगत नसत. मी तिला विहीर सांगितली. जुन्या घरामागची, अजून भरलेली.

तिच्या गच्चीत या दिवसांत मिळणारी मांजेरिकुची कुंडी होती, गोल छाटलेलं बारीक पानांचं रोप. नाक लावून वास घ्यायचा नाही, तियानं शिकवलं. तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. मी तसं केलं. तुळशीचाच भाऊबंद. 1736 साली गोव्यात इन्क्विझिशननं हुकूम काढून ख्रिस्ती घरांत तुळस लावायला बंदी केली होती, चोळी-पुडवं नेसायलाही. आमच्या अंगणात वृंदावनाच्या जागी खुरीस, म्हणजे क्रूस, उभा आहे. हे सगळं मला माहीत होतं, शाळेत मुलांना सांगतही आले. पण तळव्याला तो वास आल्यावर मला काही बोलता आलं नाही, आणि तियानं विचारलंही नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो. तिथंही गोव्यासारखंच, काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात. संगमरवरी झाकणावर नाव, दोन वर्षं आणि एक निळी फरशी. तिया बाजूला सरकली. मी शामायची नात, तिच्या जागी उभी. हात त्या झाकणावर ठेवला आणि शामाय म्हणायची तेच म्हटलं: "देवाचें बेसांव, बाबा." शामाय आम्हा सगळ्यांना बाबाच म्हणायची.

प्रोकुरासांव, म्हणजे मुखत्यारपत्र, तियानं सप्टेंबरात करून पाठवलं, नोटरीची सही, आपोस्तीलचा शिक्का, भाषांतर जोडून. तिच्या भावाची सही जानेवारीत आली. धाकट्या बहिणीची यायची आहे, ती कॅनडात असते आणि माझ्या पत्रांना अजून उत्तर देत नाही. मी तिला घराबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. पानाचा फोटो पाठवलाय.

तोवर सालावर ताडपत्री आहे. ओरतोर मी सावंतवाडीला आणून सुकवला, सुतारानं पाठीची फळी बदलली. परवा तियाचा निरोप होता: नवीन कौलं घालशील तेव्हा जुनी धड असलेली वेगळी ठेव, आणि विहिरीचा रहाट बघ, पंधरा ऑगस्टला पातोळ्यांना येते, नातवाला घेऊन.